आईची आई, तिची आई : झीलंडच्या दप्तरातला शोध (प्रकल्प नोंदी)

या नोंदी माझ्या सासूबाईंच्या आईकडच्या घराण्याच्या आहेत. घराणं नेदरलंड्सच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या झीलंड प्रांतातलं, वाल्खेरेन या एकेकाळच्या बेटावरचं. शेतमजूर, बांधबंदिस्तीवर राबणारे, दुसऱ्यांच्या शेतघरात कामाला राहिलेल्या मुली. जमीनजुमला नाही, तसबिरी नाहीत. तरीही कागद आहेत, आणि भरपूर आहेत.

शोध मी एकाच रेषेत ठेवला : आई, तिची आई, तिची आई. माझ्या माहेरी, कुडाळकडे, घराण्याची वंशावळ जपून ठेवलेली आहे. मूळपुरुषापासून आजोबांपर्यंत सगळे ओळीने आहेत, त्यात बाई एकही नाही. लग्नात नाव बदललं की माग तिथेच तुटतो. डच दप्तरात बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने नोंदलेली असते. लग्न झालं, विधवा झाली, दुसरं लग्न केलं, तरी मूळ आडनाव तेच. म्हणून इथे आईची रेषा दोनशे वर्षं मागे नेता येते. हे समजल्यावर मला दुसरी रेषा धरावीशीच वाटली नाही.

आधी दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक दुव्याला एकमेकांवर न बेतलेले दोन कागद हवेत. एकच असेल तर नाव पेन्सिलीने. आणि नातेवाईक हयात असल्यामुळे इथे नावं-आडनावं द्यायची नाहीत. नाती सासूबाईंच्या बाजूने लिहिली आहेत : आई, आजी, पणजी, खापरपणजी, आणि त्याच्या मागे पाचवी, सहावी पिढी.

७ जानेवारी

घरापासून सुरुवात. सासूबाईंच्या कपाटात त्यांच्या आईवडिलांचं ट्राउबुकये निघालं. लग्नाच्या वेळी नगरपालिका जोडप्याला देते ती छोटी पुस्तिका. पुढे मुलं जन्मली की त्यांच्या नोंदी त्यातच होतात. लग्न १९४६ चं, सासूबाईंचा जन्म १९४८ चा. आईची जन्मतारीख आणि गाव मिळालं : १९२१.

इथल्या नागरी नोंदणीला मुदतीचं बंधन आहे, ते आधीच माहीत असलेलं बरं. जन्माची नोंद १०० वर्षांनी खुली होते, लग्नाची ७५ वर्षांनी, मृत्यूची ५० वर्षांनी. त्यामुळे आईचा १९२१ चा जन्म आणि १९४६ चं लग्न दोन्ही बघता येतं, १९८९ चा मृत्यू नाही. अशा अलीकडच्या माणसांसाठी वेगळी वाट आहे. ती पुढच्या नोंदीत.

२६ जानेवारी

१९३९ च्या सुमाराला नेदरलंड्समध्ये प्रत्येक माणसाचं एक कार्ड सुरू झालं, पर्सोन्सकार्ट. माणूस गाव बदलेल तसं कार्डही त्या गावच्या कचेरीत जायचं. ही पद्धत १९९४ पर्यंत चालली. मेलेल्या माणसाच्या कार्डाची प्रत हेगच्या वंशावळ केंद्राकडून, सीबीजीकडून, मागवता येते. थोडे पैसे पडतात. या सबंध कामात पैसे देऊन मागवावा असा मला पटलेला हा एकच कागद.

आज आईचं कार्ड आलं. आईवडिलांची नावं, त्यांच्या जन्माच्या जागा आणि तारखा, नवरा, मुलं, आणि पत्त्यांची यादी. त्या यादीत १९४४ च्या अखेरीला वाल्खेरेनबाहेरचा एक पत्ता आहे आणि १९४६ मध्ये परत गावचा.

घरात आजवर सांगत आले होते की आजीचं घर 'पुरात' गेलं. पूर म्हटलं की झीलंडमध्ये सगळ्यांच्या मनात १९५३ उभं राहतं, ३१ जानेवारीची रात्र आणि १ फेब्रुवारीची पहाट, देशभरात १८३६ माणसं गेली ती. कार्ड वेगळं सांगतं. हे पाणी १९४४ चं. ३ ऑक्टोबर १९४४ ला दोस्त सैन्याच्या विमानांनी वेस्टकापेलेचा समुद्रबांध फोडला, पुढच्या दिवसांत आणखी ठिकाणी फोडला. बेटावरच्या जर्मन तोफा निकामी करायच्या होत्या. खारं पाणी वर्षभर आत-बाहेर करत राहिलं. आईचं वय तेव्हा २३.

सासूबाईंना फोनवर तारखा वाचून दाखवल्या. बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आई लग्नाआधीच बेघर झाली होती. आम्हाला कधी बोलली नाही." त्यांनी त्या तारखा मला पुन्हा सांगायला लावल्या आणि लिहून घेतल्या.

११ फेब्रुवारी

आता शिडी. नवख्या माणसाने जन्माच्या नोंदींवरून जाऊ नये, लग्नाच्या नोंदींवरून जावं. १८११ नंतरच्या डच लग्नाच्या दाखल्यात वर-वधूचं वय, जन्मगाव, धंदा असतो आणि दोघांच्या आईवडिलांची पूर्ण नावं असतात, आयांची माहेरच्या आडनावासकट. एक लग्न सापडलं की मागच्या लग्नासाठी लागणारी दोन्ही नावं हातात येतात. जन्मनोंद नंतर पडताळणीला काढायची.

शोधायच्या जागा : वी-वास-वी (देशभराची सूची), ओपन आर्काइव्ह्ज (हीसुद्धा देशभराची, शोधायला मला अधिक सोपी वाटली) आणि झीलंडसाठी मिडलबर्गच्या झेऊव्स आर्खीफची स्वतःची सूची. साध्या शोधाला पैसे लागत नाहीत. दाखल्याचं मूळ पान बहुतेक वेळा तिथूनच उघडतं.

आजीचं लग्न १९१६, पणजीचं १८९०. दोन्ही मिळाली, पण १८९० च्या लग्नाने पूर्ण संध्याकाळ खाल्ली. अडचण आडनावाच्या पुढच्या तुकड्याची. 'डे', 'व्हान', 'व्हान देर' हे तुकडे सूचीत वेगळ्या रकान्यात असतात आणि आडनाव मुख्य शब्दाखाली लागतं. सगळं एका रकान्यात टाकलं की शोध रिकामा परत येतो. उलट दर दहा वर्षांच्या जुन्या हस्तलिखित याद्यांमध्ये कारकुनाने कधी 'डे'च्या अक्षराखाली नाव घातलेलं असतं, कधी मुख्य शब्दाखाली. दोन्हीकडे बघायचं.

दुसरी अडचण लिखाणाची. सी आणि के, एस आणि झेड, वाय आणि आयजे हे एकाच घरात अदलून-बदलून येतात. बाप एका अक्षराने, मुलगी दुसऱ्याने. शंकेच्या अक्षराच्या जागी तारका टाकून शोधलं की सुटतं.

२५ फेब्रुवारी

पणजीवर काम अडलंय.

१८९० च्या लग्नात तिचं वय २४, गाव स्पष्ट, आईवडिलांची नावं स्पष्ट. म्हणजे जन्म १८६५-६६ चा. पण त्या गावात त्या आडनावाचं त्या नावाचं मूल जन्मलेलंच नाही. शेजारच्या गावांतही नाही. मुद्दाम १८६३ ते १८६८ सगळं पाहिलं.

एका लोकप्रिय संकेतस्थळावर कुणीतरी याच घराण्याचा वृक्ष मांडून ठेवलाय. त्यात पणजीचा जन्म पलीकडच्या गावात, १८६५, आईवडिलांची नावं जवळपास सारखी. मूळ नोंद उघडली, ती खरी आहे. पण मी त्याच नावावर मृत्यूची सूचीही चालवली, आणि ती मुलगी पाच महिन्यांची होऊन गेलेली निघाली. म्हणजे ती आमची पणजी असू शकत नाही. हा वृक्ष आणखी बऱ्याच जणांनी जसाच्या तसा उतरून घेतलेला दिसला, आणि त्या गेलेल्या बाळाच्या नावावर आता चार पिढ्यांची संतती चढली आहे.

एवढ्यासाठी एक पायरी कधीच सोडू नये : जन्म सापडला की त्याच नावाचा बालमृत्यू शोधायचा. झीलंडमध्ये आजी-आजोबांचं नाव मुलांना ठेवायची रीत घट्ट होती. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. एका घरात एकाच नावाची दोन-तीन बाळं मिळतात, आणि जगलेलं बहुधा शेवटचं असतं.

३ मार्च

सुटलं. उत्तर आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्यात होतं. सूचीत त्यातलं काही नव्हतं, मूळ पानावर सगळं होतं.

खापरपणजीचं लग्न १८६७ चं. सूचीमध्ये वर, वधू, दोघांचे आईवडील, तारीख, गाव, एवढंच येतं. पान उघडलं. छापील मजकूर, मधे कारकुनाचं हस्ताक्षर, सवय झाली की वाचायला सोपं. वराचं, वधूचं, आईवडिलांचं झालं, संमती झाली, लागोपाठच्या दोन रविवारी जाहीर केल्याचं झालं. त्याच्या खाली, सह्यांच्या वर, बारीक अक्षरात चार ओळी : या जोडप्याने जाहीर केलं की अमुक दिवशी १८६६ मध्ये या गावी जन्मलेली आणि आईच्या नावाने नोंदलेली मुलगी आपली आहे, आणि तिला ते आपली म्हणून मान्य करत आहेत.

म्हणजे पणजी आईच्या लग्नाआधी जन्मली होती. जन्मनोंद आईच्या माहेरच्या आडनावाने होती, म्हणून बापाच्या आडनावाखाली मला दिसेना. आईचं आडनाव घालून शोधलं, क्षणात मिळाली.

ती जन्मनोंद इथे उतरते, कारण असे दाखले पुष्कळांना भेटतील. एरवी बाप तीन दिवसांच्या आत दोन साक्षीदार घेऊन नगरकचेरीत जातो. इथे सांगायला आली आहे गावची सुईण. तिचं वय, तिचा धंदा, मग मजकूर : बाळंतपणाला मी हजर होते, रात्री दोन वाजता, अमक्या आळीतल्या अमक्या नंबरच्या घरात, लग्न न झालेल्या, २८ वर्षांच्या, घरकामाला असलेल्या अमकीला मुलगी झाली. बापाचा उल्लेख नाही. साक्षीदार दोन, एक शिंपी आणि एक गावचा पहारेकरी. दोघांच्या सह्या आहेत, सुईणीचीही आहे, ठसठशीत. डाव्या समासात नंतर वेगळ्या शाईने घातलेली ओळ : १८६७ च्या लग्नात मान्यता.

तो घर क्रमांक खापरपणजीच्या आईवडिलांचा. १८५० नंतर गावोगावी लोकसंख्येची नोंदवही सुरू झाली. त्यात घरानुसार माणसं लिहिलेली असतात, कोण कधी आलं, कधी गेलं. ती उघडली आणि खात्री पटली. मुलगी कामाच्या घरून माहेरी आली, तिथे बाळंत झाली, लग्न होईपर्यंत बाळ आजी-आजोबांच्याच छपराखाली वाढलं. त्यांनी लेकीला दाराबाहेर काढलं नाही. १८६६ च्या, चर्चच्या धाकातल्या गावात ही साधी गोष्ट नव्हती.

सासूबाईंना हे सांगावं की नाही, याचा विचार केला. सांगितलं. त्या धार्मिक घरात वाढलेल्या आहेत, वाटलं मन दुखेल. त्यांनी एवढंच विचारलं, "सुईणीने सही नीट केली होती का?" मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्या घराला मदत करणारं कुणीतरी होतं."

१७ मार्च

आता या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची जागा. डच नाव हूवेलेक्स-बायलाखेन, म्हणजे लग्नाच्या दाखल्याला जोडलेली कागदपत्रं. लग्न करायचं तर वर-वधूंनी कचेरीत आणून द्यायची : जन्माचा किंवा बाप्तिस्म्याचा उतारा, आईवडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचे उतारे, दोघंही नसतील तर आजी-आजोबांचेसुद्धा, वराने सैन्यभरतीची अट पुरी केल्याचं प्रमाणपत्र, गरीब असल्यास तसा दाखला म्हणजे फी माफ. पहिलेपणी नवरा किंवा बायको वारली असेल तर तोही कागद. एका लग्नामागे पाच-सहा कागद सहज असतात.

हे सहसा नावाने शोधता येत नाहीत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून झीलंडच्या नागरी नोंदणीतले प्रतिमांचे गठ्ठे उघडायचे. क्रम असा : गाव, वर्ष, दाखल्याचा क्रमांक. म्हणून लग्नाचा क्रमांक आधी टिपून ठेवायचा. मग गठ्ठ्याच्या मध्यावर उडी मारायची, कागदाच्या डोक्यावरचा क्रमांक बघायचा, मागे-पुढे व्हायचं. मोठ्या गावाचा गठ्ठा असेल तर रात्र जाते. वर्ष-वर्ष एकाच चित्रफितीत जोडलेली असतात आणि शीर्षकात फक्त पहिल्याचं नाव असतं, तिथे सावध.

पाचव्या पिढीचं लग्न १८३६ चं. ही जोडी खापरपणजीचे आईवडील, तेच ते नातीला सांभाळणारे. त्यांच्या जोडकागदात वराचं भरतीचं प्रमाणपत्र आहे, आणि त्यात माणसाचं वर्णन. उंची एक एल, सहा पाम, आठ डाउम, तीन स्ट्रेप. त्या काळात नेदरलंड्सने मेट्रिक मापं घेतली, पण जुनीच नावं ठेवली : एल म्हणजे मीटर, पाम दहा सेंटिमीटर, डाउम एक सेंटिमीटर, स्ट्रेप मिलिमीटर. म्हणजे १ मीटर ६८ सेंटिमीटर ३ मिलिमीटर. चेहरा लांबट, कपाळ उंच, डोळे निळे, नाक साधारण, तोंड साधारण, हनुवटी गोल, केस पिंगट. खुणा : देवीचे व्रण.

छायाचित्रं यायच्या आधीचा, नांगर धरणारा मजूर. त्याचा चेहरा एका सरकारी अर्जात राहून गेला. आमच्या मुलीने हे वर्णन वाचून चित्र काढलं, व्रणांसकट. ते सासूबाईंच्या स्वयंपाकघरात लावलंय.

५ एप्रिल

मिडलबर्ग. इथून रेल्वेने अडीच तासांच्या पुढे. सकाळी नऊनंतरचं सवलतीचं तिकीट काढलं तरी येण्या-जाण्याचा हा खर्च प्रकल्पातला सगळ्यात मोठा. झेऊव्स आर्खीफ अठराव्या शतकातल्या एका वाड्यात आहे, अभ्यासिकेत बसायला पैसे नाहीत. पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची.

मी आले होते १८११ च्या मागे जायला. त्याआधी सरकारी नोंदणी नव्हती, चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या वह्या होत्या. नेपोलियनच्या राजवटीत देश फ्रान्सला जोडला गेला आणि १८११ ला नागरी नोंदणी आली. (झीलंडचाच दक्षिणेकडचा फ्लँडर्सला लागून असलेला पट्टा आधीच फ्रेंचांकडे होता, तिथे ती १७९६ पासून आहे. त्या भागात काम करणाऱ्यांना तारखा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या मिळतील, महिने वेगळे, वर्षं वेगळी. तक्ता जवळ ठेवावा.)

वाल्खेरेनच्या वह्या नाहीत. १७ मे १९४० ला मिडलबर्ग जळलं. देशाने त्याआधी दोन-तीन दिवस शरणागती पत्करली होती, पण झीलंड त्यातून वगळलं होतं. इथे फ्रेंच तुकड्या होत्या, लढाई चालू राहिली. शहराचा मध्यभाग पेटला आणि प्रांताच्या दप्तरखान्यातल्या बहुतेक गावांच्या चर्चच्या वह्या राख झाल्या. १८११ नंतरची नागरी नोंदणी टिकली, कारण तिच्या दोन प्रती असत, एक गावात, एक न्यायालयात.

मला हे इथे आल्यावर कळलं असं नाही. पण टेबलावर सूची उघडी ठेवून गावाच्या नावापुढे 'गहाळ, १९४०' हे वाचणं जड गेलं. पाचव्या पिढीची वधू १८०९ ची. तिचा बाप्तिस्मा त्या जळालेल्या वहीत.

अभ्यासिकेतल्या कर्मचाऱ्याने विचारलं, ती १८११ नंतर लग्नाला उभी राहिली ना? मग जोडकागद पाहिलेत का?

पाहिले होते, वरापाशी थांबले होते. उरलेले तिथेच संगणकावर उघडले. भरतीच्या कागदानंतर तिसरी प्रतिमा. १८३६ मध्ये लग्नासाठी तिला बाप्तिस्म्याचा दाखला लागला, म्हणून गावच्या अधिकाऱ्याने ती जुनी वही उघडून तिची ओळ स्वच्छ अक्षरात उतरवली, खाली सही केली, शिक्का मारला. वही १०४ वर्षांनी जळली. ओळ राहिली.

जन्म अमुक, बाप्तिस्मा तीन दिवसांनी, बाप अमुक, आई अमुक तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि साक्षीदार म्हणून आईची बहीण. सहावी पिढी मिळाली. शिवाय बहिणीमुळे आडनावाला आधार मिळाला. १८३६ च्या लग्नाच्या दाखल्यातही आईचं तेच नाव, तेच आडनाव. दोन कागद झाले, शाईने लिहिलं.

दप्तर जळालेल्या गावात शोध घेणाऱ्यांसाठी मला हेच कळकळीने सांगायचं आहे. १८११ ते साधारण १८४० च्या दरम्यान लग्न केलेल्या प्रत्येक माणसाच्या जोडकागदात त्या जळालेल्या वहीचा एक तुकडा असू शकतो. आपल्या थेट पूर्वजाचा नसेल तर त्याच्या भावंडांची लग्नं उघडायची. आईवडील तेच.

२१ एप्रिल

त्याच लग्नात सहावी पिढी स्वतः हजर होती. नवरा १८२४ ला वारलेला, त्याच्या मृत्यूचा उतारा जोडलेला. मुलीच्या लग्नाला संमती द्यायला ती विधवा कचेरीत आली. दाखल्याच्या शेवटी वर, वधू, साक्षीदार यांच्या सह्या आहेत, आणि मग वाक्य : वधूच्या आईने लिहिता येत नसल्याचं सांगितलं. मुलीची सही मात्र आहे. नावाची अक्षरं एकेक करून काढलेली, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. आईला लिहिता येत नव्हतं, लेकीला सही करता आली. दोघी त्याच टेबलाशी उभ्या होत्या.

४ मे

एक मोह झाला होता, त्याचं काय केलं ते लिहिते. मिडलबर्ग म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीची झीलंड शाखा. जहाजांवर गेलेल्यांच्या पगारवह्या हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत, नावाने शोधता येतात. माणूस कुठला, हुद्दा, जहाज, कधी चढला, नोकरी कशी संपली, घरी पगार पाठवायची सोय केली होती का, सगळं मिळतं. सहाव्या पिढीच्या आडनावाचा, त्याच गावचा एक खलाशी त्यात आहे.

माझं माहेर वेंगुर्ल्यापासून जवळ. तिथली डच वखार लहानपणी पाहिलेली, पडक्या भिंती, झाडांनी धरलेल्या. कंपनीने ती १६३७ मध्ये घातली, गोव्याच्या पोर्तुगिजांना समुद्रातून अडवायला ती उपयोगी पडे. सासूबाईंच्या घराण्यातला कुणी माझ्या किनाऱ्यावर उतरला असेल, या कल्पनेने मी दोन दिवस कामच सोडलं होतं.

पण टिकलेल्या पगारवह्या बहुतांश अठराव्या शतकातल्या आहेत आणि वेंगुर्ल्याची वखार त्याआधीच बंद झाली. हा खलाशीसुद्धा अठराव्या शतकातला. शिवाय त्याचा आमच्या सहाव्या पिढीशी संबंध सांगणारा एकही कागद नाही. आडनाव आणि गाव सारखं असणं पुरत नाही. झीलंडच्या एका गावात त्याच आडनावाची तीन वेगळी कुटुंबं असतात. त्याला वृक्षात घेतलं नाही.

१९ मे

सहाव्या पिढीचा मृत्यू १८४९ चा, वय ७०. मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या आईवडिलांची नावं असतात, म्हणून सातवी पिढीही मिळाली. पण ती पेन्सिलीनेच राहणार. खबर द्यायला आलेले दोघं म्हणजे जावई आणि शेजारी. सासूच्या आईचं माहेरचं आडनाव जावयाला नेमकं ठाऊक असेल याची खात्री धरता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यात वय आणि आईवडील या दोन गोष्टी नेहमी सांगणाऱ्याच्या माहितीवर असतात. लग्नाचं वेगळं, तिथे कागद दाखवावा लागे.

दुसरा पुरावा कुठे असेल त्याची यादी केली आहे. १८१८ ते १९२७ च्या वारसा-कराच्या नोंदी, त्यात वारसांची नाती लिहिलेली असतात; हे घर गरीब, कदाचित 'काही मालमत्ता नाही' एवढंच मिळेल. साक्षीदार म्हणून आलेल्या बहिणीचं लग्न आणि मृत्यू, कारण तिच्या मृत्यूची खबर दुसऱ्या कुणीतरी दिली असणार. आणि सहाव्या पिढीचे सगळे भाऊ, ज्यांनी १८११ नंतर दुसरं लग्न केलं असेल ते. विधुरांची दुसरी लग्नं त्या काळात पुष्कळ होत आणि त्यांच्याही जोडकागदात बाप्तिस्म्याचा उतारा असतोच. झीलंडची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर नावाने शोधता येतात, तीही चाळली. मजूर घरं जाहिराती देत नसत, तिथे फारसं मिळालं नाही.

खर्चाचं एकदा लिहून टाकते. पर्सोन्सकार्टच्या प्रती आणि रेल्वे, बाकी फुकट. एका परदेशी वंशावळ संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी मी सुरुवातीला भरली होती. तिथले डच कागद इथल्या सरकारी दप्तरखान्यांत मोफतच आहेत, अधिक चांगल्या प्रतीत. ती भरू नका.

२ जून

बहिणीचा मृत्यू सापडला. १८५६, खबर देणारा तिचा मुलगा. आईवडिलांची नावं सातव्या पिढीशी जुळतात, आईच्या आडनावात एका अक्षराचा फरक आहे. बाप नक्की झाला, त्याचं नाव शाईने लिहिलं. आईचं नाव अजून पेन्सिलीत. पुढच्या आठवड्यात भावांची दुसरी लग्नं उघडायची आहेत, गावाच्या १८१३ ते १८२२ च्या दहा वर्षांच्या यादीपासून.